एका तारेचा परिपथ आणि लष्कराची संदेशवहन पथके

विजेचा धडा सुरू झाला की वर्गातला पहिला प्रयोग ठरलेला असतो. एक सेल, एक दिवा आणि दोन तारा. एक तार काढली की दिवा विझतो. परिपथ पूर्ण झाल्याशिवाय विद्युतधारा वाहत नाही, हे वाक्य मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "सर, पूर्वीच्या तारायंत्राला दोन गावांमध्ये एकच तार असायची म्हणतात. मग परिपथ पूर्ण कसा व्हायचा?"

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते : परतीचा मार्ग जमिनीतून जात असे. पण याच उत्तराची दुसरी बाजू लष्कराच्या इतिहासात सापडते. जमिनीतून परतणारी धारा शत्रूलाही ऐकू येते, हे ध्यानात यायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली. घर सोडून दूरच्या मुलखात लढायला गेलेल्या फौजांची संदेशवहन पथके कशी निर्माण झाली आणि पुनःपुन्हा का बदलली, हे या लेखात पाहायचे आम्ही ठरवले आहे. उदाहरण घेतले आहे ते ब्रिटिश लष्कराचे, कारण त्या पथकांत भारतीय सैनिकही होते, आणि त्यात पुण्याच्या नावाची एक डिव्हिजनही येते.

जमीन नावाची तार

१८३८ साली बव्हेरियातील कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे शास्त्रज्ञ एक प्रयोग करत होते. न्यूर्नबर्ग ते फ्युर्ट या रेल्वेमार्गाचे दोन रूळ तारायंत्राच्या दोन तारा म्हणून वापरता येतील का, हे त्यांना पाहायचे होते. ते जमले नाही, कारण धारा एका रुळातून जमिनीत झिरपून दुसऱ्या रुळाकडे जात होती. मात्र या अपयशातून त्यांना एक गोष्ट समजली. जमीन धारा वाहून नेते, तर एक तार वाचवता येईल. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे ओल्या जमिनीत पुरायचे आणि मध्ये एकच तार ओढायची.

माती काही तांब्यासारखी सुवाहक नाही. मग हे जमते कसे? वाहकाचा रोध त्याच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मातीची रोधकता तांब्याच्या कोट्यवधी पट असली, तरी धारेला पसरायला मिळणारे क्षेत्रफळ अफाट असते. त्यामुळे रोध जाणवतो तो फक्त पुरलेल्या पत्र्याच्या जवळपास. निम्म्या तारेत काम होऊ लागल्याने ही पद्धत जगभर पसरली. ज्या लष्कराला तार गाडीवर लादून शेकडो मैल न्यावी लागे, त्याला तर ती वरदानच वाटली.

क्रिमियातील दोन गाड्या

१८५४ साली ब्रिटिश फौज रशियाविरुद्ध लढायला काळ्या समुद्राकाठी क्रिमियात उतरली. तिच्यासोबत प्रथमच विजेचे तारायंत्र रणांगणावर गेले. त्यासाठी वेगळे दल नव्हते. सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे सुरुंग लावणारे आणि पूल बांधणारे जे अभियांत्रिकी दल, त्यातलीच काही माणसे या कामावर नेमली. दोन गाड्या, सुमारे २४ मैल तार आणि ती जमिनीत पुरण्यासाठी एक नांगर, एवढाच सरंजाम होता.

एप्रिल १८५५ मध्ये वार्ना ते बालाक्लावा अशी पाचशे किलोमीटरहून लांब केबल समुद्रतळावर टाकण्यात आली आणि क्रिमियातील छावणी लंडनशी जोडली गेली. सेनापतींना मात्र याचा आनंद झाला नाही. पूर्वी पत्र यायला आठवडे लागत, तोवर निर्णय आपल्या हाती असे. आता मंत्रिमंडळातून क्षुल्लक चौकशाही येऊ लागल्या. एका कॅप्टनला गोम चावली असे कळते, त्याची प्रकृती कशी आहे, अशीही तार आल्याचे सांगतात. संदेशवहन वेगवान झाले की अधिकार कोणाकडे राहायचा हा प्रश्नही त्याच्याबरोबर येतो, हे तेव्हाच दिसून आले.

युद्ध संपले आणि ही माणसे आपापल्या मूळ कामावर परतली. शिकलेले कौशल्य टिकवायला पथकच उरले नाही.

पथक, पलटण आणि सेवा

ही उणीव भरून निघायला १८७० साल उजाडले. त्या वर्षी रॉयल एंजिनिअर्स या दलात 'सी' टेलिग्राफ ट्रूप नावाचे कायमचे पथक उभारले गेले. घोड्यांच्या गाडीवरून तार उलगडत फौजेच्या मागोमाग जायचे, हे त्याचे काम.

लवकरच एक अडचण पुढे आली. परदेशी मोहिमा सतत नसतात, आणि सराव नसलेला तारमास्तर ऐन वेळी उपयोगाचा नसतो. १८८४ मध्ये यावर तोड निघाली. हे पथक आणि इंग्लंडच्या टपाल खात्यासाठी तारांची कामे करणाऱ्या अभियंत्यांच्या दोन कंपन्या एकत्र करून टेलिग्राफ बटालियन तयार झाली. तिचे दोन भाग होते. पहिला भाग मोहिमेवर जाण्यासाठी सज्ज राहायचा. दुसरा टपाल खात्याच्या तारा सांभाळायचा, म्हणजेच रोजच्या नागरी कामातून सराव टिकवायचा. आमच्या मते ही व्यवस्था शहाणपणाची होती.

तारेच्या जोडीला आणखी एक साधन होते, ते सूर्यप्रकाशाचे. इराणच्या आखातातील तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मान्स यांनी १८६९ च्या सुमारास कराचीत हेलिओग्राफ बनवला. तिकाटण्यावर एक आरसा, आणि तो किंचित हलवण्यासाठी एक कळ. आरसा हलला की दूरच्या माणसाला लखलखाट दिसतो किंवा दिसेनासा होतो, त्यावरून मोर्सच्या लघु-दीर्घ खुणा वाचायच्या. वर्गात याचे एक सोपे गणित करून घेता येईल. सूर्यबिंब आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, त्यामुळे आरशातून निघालेला झोतही तेवढाच फाकतो. ५० किलोमीटरवर त्याची रुंदी साडेचारशे मीटरच्या आसपास होते. या पट्ट्याबाहेर उभ्या असलेल्या शत्रूला तो संदेश दिसतच नाही. गुप्ततेची ही सोय निसर्गानेच करून दिलेली होती. मात्र ढग आले की यंत्र मुके.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) या सर्व साधनांची एकत्र कसोटी लागली. वेढ्यात सापडलेल्या लेडीस्मिथ शहराशी हेलिओग्राफने बोलणे चालू राहिले. मार्कोनींची बिनतारी यंत्रेही तिथे नेली होती, पण कोरड्या हवेत आकाशतारेचे बांबूचे खांब फुटू लागले, वादळी विजांनी संदेश बिघडले आणि अखेर ती यंत्रे आरमाराला देऊन टाकण्यात आली. समुद्रावर ती चांगली चालली. खारे पाणी उत्तम वाहक असल्याने बिनतारी लहरी त्याच्या पृष्ठावरून दूरवर जातात, हे त्याचे एक कारण.

या युद्धाने संघटनेतला एक दोषही दाखवून दिला. तार अभियंत्यांकडे होती, तर निशाणे, दिवे आणि हेलिओग्राफ हे पायदळातील संदेशकांकडे. दोघांचे अधिकारी वेगळे, प्रशिक्षण वेगळे. तार तुटली तर हेलिओग्राफने निरोप कोणी पाठवायचा, याचे उत्तर कोणाकडेच नसे. सगळी साधने एका हाताखाली आणणे हाच उपाय होता, आणि तो आधी भारतात अमलात आला. १५ फेब्रुवारी १९११ रोजी फतेहगढ येथे ३१ आणि ३२ क्रमांकाच्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या लष्कराचे कोअर ऑफ सिग्नल्स आजही हाच दिवस स्थापनादिन म्हणून पाळते. इंग्लंडमध्ये रॉयल एंजिनिअर्सची सिग्नल सर्व्हिस १९१२ मध्ये स्थापन झाली.

खंदकातील टेलिफोन

१९१४ च्या ऑगस्टमध्ये ही नवी सेवा फ्रान्समध्ये उतरली तेव्हा एका डिव्हिजनला सुमारे दीडशे माणसांची एक सिग्नल कंपनी मिळत असे. तिचा एक भाग डिव्हिजनच्या मुख्यालयाशी आणि एकेक भाग तिन्ही ब्रिगेडांशी. कल्पना अशी होती की फौज सतत पुढे-मागे सरकत राहील आणि तार तिच्यामागे उलगडली जाईल.

घडले वेगळेच. वर्ष संपेपर्यंत दोन्ही सैन्ये खंदकांत बसली आणि आघाडी जागच्या जागी गोठली. टेलिफोन खंदकाखंदकात पोहोचला. ब्रिगेडच्या पुढे बटालियन, बटालियनच्या पुढे कंपनी, तोफखान्याचा निरीक्षक, सर्वांना तार हवी झाली. तारा जमिनीवर किंवा खंदकाच्या भिंतीला लावलेल्या असत. एका तोफगोळ्यात दहा-वीस तारा एकदम तुटत आणि लाइनमन भर माऱ्यात चाचपडत त्या जोडायला निघत.

मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेल येथे झालेल्या हल्ल्यात भारतीय कोअरची मेरठ डिव्हिजन होती. पहिल्या काही तासांत जर्मन फळी फुटली, गावही हाती आले. पण पुढच्या तारा तुटलेल्या. पुढे काय झाले हे मागे कळेना आणि मागचा हुकूम पुढे पोहोचेना. निरोप्यांनी चिठ्ठ्या पोहोचवेपर्यंत दुपार उलटून गेली, तोवर जर्मनांनी नवी फळी उभारली. या दिरंगाईला इतर कारणेही होती, तरी संदेशवहन कोलमडणे हे त्यातले मोठे कारण होते.

आणि याच सुमारास आणखी एक गोष्ट लक्षात येऊ लागली. आपल्या तुकड्या बदलल्या की समोरून नेमका त्याच वेळी मारा होई. नवी पलटण खंदकात आली तर शत्रूला तिचे नाव आधीच ठाऊक असे. हेर कुठे आहे? बराच शोध झाल्यावर कळले की हेर म्हणजे पायाखालची जमीन.

जमिनीचे कान

खंदकातला टेलिफोन एकाच तारेवर चाले, परतीची धारा जमिनीतून. वेष्टन खरचटलेल्या तारांमधूनही ओल्या मातीत धारा गळत असे. ही धारा सरळ रेषेत परतत नाही, ती सर्व दिशांना पसरते. शत्रूच्या खंदकाखालची जमीनही त्यात आली.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे गणित अवश्य करून घ्यावे. जमिनीत खुपसलेल्या सळईतून धारा अर्धगोलात पसरते असे समजू. सळईपासून r अंतरावर त्या अर्धगोलाचे क्षेत्रफळ २πr² होते. यावरून त्या ठिकाणचे विभव = रोधकता × धारा ÷ (२πr) असे सूत्र मिळते. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आणि धारा १० मिलिअँपिअर धरू. मग १०० मीटरवर विभव १.६ मिलिव्होल्ट आणि १५० मीटरवर १.१ मिलिव्होल्ट येते. म्हणजे या दोन बिंदूंत खुपसलेल्या सळयांमध्ये सुमारे अर्धा मिलिव्होल्टचे विभवांतर मिळते. बोलणाऱ्याचा आवाज जसा चढउतरतो तसेच तेही चढउतरते. दोन्ही खंदकांमधले अंतर कित्येक ठिकाणी शंभर-दोनशे मीटरच होते.

अर्धा मिलिव्होल्ट ही तशी क्षीण गोष्ट. पण तोपर्यंत ट्रायोड व्हॉल्व्हचे वर्धक तयार झाले होते. जर्मनांनी १९१५ पासून आघाडीवर 'मोरिट्झ' या नावाची श्रवणठाणी बसवली. त्यांचे सैनिक रात्री रांगत पुढे जाऊन तारांची टोके ब्रिटिश खंदकाजवळच्या जमिनीत पुरत. मागे तळघरात इंग्रजी जाणणारा माणूस कानाला यंत्र लावून लिहीत बसे.

१ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईला तोंड लागायचे होते. हल्ल्याच्या आदल्या रात्री वरिष्ठ सेनापतींचा शुभेच्छांचा निरोप टेलिफोनवरून पुढच्या ठाण्यांना वाचून दाखवण्यात आला. ला बोआसेल गावातील जर्मन श्रवणठाण्याने त्यातला काही भाग टिपला. सकाळी हल्ला होणार हे त्यावरून उघड होते. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० सैनिक कामी आले वा जखमी झाले, त्यांत १९,२४० मृत होते. ला बोआसेलसमोरच्या एकट्या ३४ व्या डिव्हिजनने सहा हजारांहून अधिक माणसे गमावली. या संहाराचे सारे खापर एका टेलिफोन संदेशावर फोडणे बरोबर नाही. जर्मन मशीनगना तोफांच्या माऱ्यातून बचावल्या होत्या, हे त्याचे मुख्य कारण. पण सदिच्छेने धाडलेले चार शब्द आपल्याच माणसांविरुद्ध गेले, हेही खरे.

फुलर यांची युक्ती

उपाय तिहेरी होता. पहिला शिस्तीचा. आघाडीलगत टेलिफोनवर बोलण्यास बंदी आली, पलटणींना सांकेतिक नावे मिळाली, संकेतपुस्तके छापली गेली. दुसरा तारेचा. जमीन सोडून परतीसाठी दुसरी तार घ्यायची आणि दोन्ही एकमेकींना पीळ देऊन ठेवायच्या. वर्गातला तो दोन तारांचा परिपथ अखेर खंदकात आला! पण गोळ्यांनी खरचटलेल्या तारा तरीही गळतच राहिल्या.

तिसरा उपाय रॉयल एंजिनिअर्समधील कॅप्टन अल्जर्नन क्लेमेंट फुलर यांचा. श्रवणठाण्याला ऐकू येते ते बदलत्या धारेमुळे. बझरची धारा सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त होते, म्हणून कानातल्या यंत्राचा पडदा थरथरतो. तारेवर स्थिर दिष्ट धाराच पाठवली तर पडदा हलणार नाही. फुलर यांनी हेच केले. मोर्सची कळ दाबली की तारेवर केवळ काही मायक्रोअँपिअरची दिष्ट धारा जाई. कळ दाबताना-सोडताना धारा एकदम बदलून 'टक्' असा आवाज होऊ नये म्हणून मार्गात वेटोळी आणि कंडेन्सर बसवलेले असत. ते तिचा चढ-उतार सावकाश करत.

मग ज्याला निरोप हवा त्याला तरी तो कसा ऐकू येणार? त्याच्या यंत्रात एक कंपणारा तोडक असे. येणारी धारा तो सेकंदाला शेकडो वेळा तोडे आणि जोडे. म्हणजे आवाज तारेवर नव्हताच, तो ऐकणाऱ्याच्या पेटीत निर्माण होत असे. या यंत्राला फुलरफोन असे नाव पडले. त्याला अर्धा मायक्रोअँपिअर एवढी धाराही पुरे होई. शिवाय त्याच तारेवर त्याच वेळी टेलिफोनचे बोलणेही चालू शकत असे. दुसऱ्या महायुद्धातही हे यंत्र वापरात होते.

इथे हुशार विद्यार्थी विचारील, शत्रूनेही तोडक बसवला तर? उत्तर वरच्या सूत्रातच आहे. धारा १० मिलिअँपिअरऐवजी २ मायक्रोअँपिअर धरली की दोन सळयांमधले विभवांतर पाच हजार पटींनी घटते, म्हणजे एका मायक्रोव्होल्टच्या दशांशाइतके उरते. जमिनीत नैसर्गिक कारणांनी आणि सळयांच्या धातूमुळे मिलिव्होल्टच्या घरातली विभवांतरे सतत असतातच. त्या गोंगाटात ते बुडून जाते.

गंमत अशी की जमिनीचा हाच गुण पुढे जाणूनबुजून वापरण्यात आला. पॉवर बझर नावाच्या यंत्राने जोरदार बदलती धारा मुद्दाम जमिनीत सोडायची आणि काही अंतरावर मागे वर्धकाने ती ऐकायची. तारेशिवाय संदेश! शत्रूलाही तो ऐकू येई, म्हणून त्यात संकेतभाषा आवश्यक असे.

पथकाचे रूप पालटते

साधन बदलले की माणसांची वाटणीही बदलावी लागते. तारा टिकाव्यात म्हणून त्या सहा फूट व त्याहून खोल पुरण्यास सुरुवात झाली. रात्रीच्या अंधारात शेकडो सैनिकांनी चर खणायचे आणि उजाडण्यापूर्वी बुजवायचे. एवढे काम डिव्हिजनच्या छोट्या कंपनीला झेपणारे नव्हते. शिवाय डिव्हिजन काही आठवड्यांनी दुसरीकडे जाई आणि पुरलेल्या तारांचा नकाशा तिच्याबरोबर जाई. म्हणून तारांचे जाळे वरच्या पातळीवरील कोअरच्या ताब्यात गेले. डिव्हिजन येई-जाई, जाळे तिथेच राही. तोफखान्याची संदेश-व्यवस्था १९१७ च्या सुमारास सिग्नल सर्व्हिसकडे आली. बिनतारीचे विभाग वाढले. कबुतरे, कुत्रे आणि पळत निरोप नेणारे सैनिक यांचीही शिस्तशीर व्यवस्था लागली. युद्धाच्या आरंभी काही हजारांची असलेली ही सेवा अखेरीस सुमारे सत्तर हजारांवर पोहोचली.

तरी परीक्षा संपली नव्हती. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी मोठी चढाई केली आणि फौज मागे हटू लागली. तेव्हा पुरलेल्या तारांचे ते जाळे मागे तसेच शत्रूच्या हाती गेले. उघड्यावर आलेल्या तुकड्यांना घोडेस्वार, मोटारसायकलवाले आणि बिनतारी यंत्रे यांवर भिस्त ठेवावी लागली. स्थिर आघाडीसाठी केलेली उत्तम रचना चालत्या युद्धात निरुपयोगी ठरू शकते, हा धडा त्या आठवड्यांनी दिला.

पुण्याची डिव्हिजन आणि तैग्रिस नदी

फ्रान्सहून फार दूर, आजच्या इराकमध्ये, त्या काळी मेसोपोटेमियात, हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरली. फाव हे भारत आणि युरोप यांना जोडणाऱ्या समुद्री तारेचे ठाणे होते.

पुढे ही डिव्हिजन तैग्रिस नदीकाठाने वर सरकत गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बगदादच्या वाटेवरून तिला माघार घ्यावी लागली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत येथे ती वेढ्यात सापडली. वेढ्यातून बाहेर जाणारी तार शक्यच नव्हती. सुटकेसाठी येणाऱ्या फौजेशी संबंध राहिला तो मुख्यतः बिनतारीने. फ्रान्समध्ये जे काम लाखो मैल तारेने होत होते, ते इथे मूठभर यंत्रांवर आले. बिनतारीचा संदेश हवेत सर्वांसाठीच खुला असतो, म्हणून प्रत्येक निरोप संकेतात घालणे आणि उलगडणे हे यंत्र चालवण्याइतकेच महत्त्वाचे काम बनले.

बिनतारीने अन्न मात्र पोहोचत नाही. सुटकेचे प्रयत्न फसत गेले, त्याच्या बातम्या येत राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांच्या त्या फौजेने शरणागती पत्करली. तत्पूर्वी तोफांबरोबरच बिनतारी यंत्रेही फोडून टाकण्यात आली. कैदेत गेलेल्यांपैकी कित्येक जण घरी परतले नाहीत. त्यांत आपल्याकडचे शिपाईही होते.

स्वतंत्र दल

युद्धानंतर एक गोष्ट सर्वमान्य झाली. संदेशवहन हे पूल बांधण्याच्या दलाचे जोडकाम राहू शकत नाही. २८ जून १९२० रोजी तत्कालीन युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या सहीने स्वतंत्र कोअर ऑफ सिग्नल्सची सनद निघाली आणि ५ ऑगस्टला त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. क्रिमियातल्या दोन गाड्यांपासून इथवर यायला ६६ वर्षे लागली.

या साऱ्या बदलांकडे एकत्र पाहिले तर प्रत्येक पुनर्रचनेमागे एखादा भौतिक गुणधर्म दिसतो. तार गाडीवर नेता येते, म्हणून गाडीवरचे पथक. सूर्य आणि वीज ही दोन्ही साधने लागतात, म्हणून दोघांची एक सेवा. जमीन धारा पसरवते, म्हणून संकेत, फुलरफोन आणि खोल पुरलेल्या तारा. लहर सर्वांना मिळते, म्हणून संकेतलिपीचे जाणकार. जिथे हा गुणधर्म वेळेवर ओळखला गेला नाही, तिथे तो शिकण्याची किंमत खंदकातल्या माणसांनी दिली.

वर्गासाठी प्रयोग

जमिनीतली धारा मुलांना प्रत्यक्ष दाखवता येते. एका मोठ्या प्लॅस्टिकच्या परातीत ओली माती समपातळीत भरा. एका कडेला वीत-दीड वीत अंतरावर दोन खिळे खोचा आणि त्यांना ९ व्होल्टची बॅटरी जोडा. आता त्याच जातीचे आणखी दोन खिळे मल्टिमीटरच्या टोकांना जोडा. मल्टिमीटर दिष्ट विभवांतरावर ठेवा आणि हे खिळे मातीत वेगवेगळ्या जागी खोचून आकडे लिहा. बॅटरी जोडण्याआधीही एकदा आकडा पाहा. तो शून्य नसेल तर खिळ्यांच्या धातूमुळे आलेला असतो, तो वजा करावा. प्रयोगाला घरगुती वीजपुरवठा किंवा त्यावर चालणारे कोणतेही यंत्र जोडू नये.

मुलांनी आकड्यांचा नकाशा काढला की बॅटरीपासून दूरच्या कोपऱ्यातही मल्टिमीटर काहीतरी दाखवतो, हे त्यांच्या लक्षात येईल. मग तो प्रश्न त्यांनाच विचारावा : या कोपऱ्यात शत्रू बसला असता, तर तुम्ही काय केले असते? फुलर यांच्या उत्तरापर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागेल. तो त्यांना द्यावा.